दुपारी सुटणारा बैल

बीडात आमचा तेलाचा घाणा होता, आणि त्या घाण्यावर येऊन बसायला लोकांना फार आवडायचं. आपली करडई आपल्या डोळ्यांसमोर गाळून घ्यायची, असा आमच्याकडचा रिवाज. तेल्यानं पळीभर जरी मागं ठेवलं तर घरदार बुडेल अशा नजरेनं गिऱ्हाईक भांड्याकडं बघत बसायचं. बघून कंटाळा आला की उठून घाण्याच्या आडव्या फळीवर चढायचं. फळीवर वजन लागतं हे खरं, पण त्यासाठी आम्ही दगड ठेवलेला होता. दगड काही कुणी खाली उतरवायचं नाही. दगड तसाच, त्याच्या शेजारी हा, आणि ह्याच्याशी बोलायला ह्याचा सोयरा.

हे सगळं ओढायला एकच बैल. आधी दोन होते, आळीपाळीनं जुंपायचो. दुसरा आदल्या उन्हाळ्यात गेला आणि हा एकटा राहिला. गिऱ्हाइकांना त्याचं काही नव्हतं. कुणी पहाटे यायचं, कुणी ऐन दुपारी, कुणी दिवेलागणीला. एक सुटला की दुसरा गोणी घेऊन उभा. मधेच कुणी बाई पळीभर तेलासाठी हाक मारायची. तिला तेल मोजून देऊन येईपर्यंत फळीवरचे सोयरे बैलाला पुढं हाकत नेऊन घाणा कोरडा फिरवत असायचे. मी ओरडलो की म्हणायचे, "आमी मदत करायलो अन् ह्यो बघा."

दसऱ्याच्या सुमाराला बैलाचा खांदा सुजला. त्याहून मला खुपलं ते असं, की तो दिवसा खाली बसेनासा झाला. बसलं की लगेच उठवतात, हे त्याला कळून चुकलं होतं. रवंथ करायचा तोही उभ्यानंच, मागचे पाय थरथरत. माझ्या लग्नाच्या वर्षी तो आमच्या दारात वासरू म्हणून आला होता. दिवाळीच्या तेलाची घाई पुढं उभी होती. हे असंच चाललं तर हा जुंपलेल्या जागीच मरणार, हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि मला त्याचं फार वाईट वाटत होतं.

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं. ते ओसरीवर बसून तेलाच्या बुधल्याला चामड्याचं ठिगळ लावत होते. मान वर न करता म्हणाले, "दारात आल्यालं गिऱ्हाईक वापस धाडायचं न्हाई. माज्या बापानं कवा धाडलं न्हाई."

"आन् बैल मेल्यावर?"

"बैलाला काय झालंय? खातोय की."

त्याच आठवड्यात मी कचेरीत दिव्यांचं तेल पोचवायला गेलो. तिथला पेशकार, म्हणजे तहसीलदाराच्या हाताखालचा अंमलदार, मी नीट बघितला तो त्या दिवशी. बाहेर पितळी थाळीवर ठोके देऊन शिपाई तास वाजवायचा आणि त्या तासावर ह्याचा दिवस कापलेला. सकाळी अर्ज घ्यायचे, दुपारी कागद वाचायचे, उन्हं उतरली की सह्या. भलत्या वेळी अर्ज घेऊन गेलेला माणूस, मग तो कितीही मोठा जमीनदार असो, गुपचूप चिंचेखाली जाऊन बसायचा. एका पेशकाराला अख्खा तालुका ताटकळत ठेवता येतो, तर मला माझा घाणा का ठेवता येऊ नये? घरी येईपर्यंत मी दिवसाचे तुकडे पाडलेसुद्धा. उजाडल्यापासून बाराच्या तासापर्यंत गाळप. बारा ते तीन बैल मोकळा, आणि तेवढ्या वेळात मी पेंड फोडणार, बी पाखडणार, बुधले धुणार. तीनपासून पुन्हा गाळप. दिवे लागल्यावर फक्त सुटं तेल. तासाचा आवाज आमच्या गल्लीत चांगला ऐकू यायचा, त्यामुळं वेळ कळली नाही असं म्हणायला कुणाला तोंड नव्हतं.

दारावर पाटी लावून उपयोग नव्हता, वाचणार कोण? मी प्रत्येकाला तोंडानं सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली. "लई चांगलं केलंस बग," म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी बाराचा तास पडला तेव्हा दारात तीन गोण्या उभ्या.

पालीहून येणारा एक म्हातारा शेतकरी होता, आमचा जुना माणूस. मी त्याला तीन वाजेपर्यंत थांब म्हटलं.

"मी कोंबड्याला निगालतो बे," तो म्हणाला. "वाटंत मेव्हण्याकडं टेकलो, मग बाजारात फिरलो. आता आलो तर तू म्हणतो थांब. कावून थांबू?"

"बाजारात थांबलास की."

"ते माजं काम व्हतं."

आणि माझं काम ते कामच नव्हे, हे त्यानं न बोलता सांगितलं. मी चिडून जेवायला आत गेलो. पहिला घास तोंडात घालतो तोच घाण्याची करकर ऐकू आली. हात तसाच घेऊन बाहेर आलो, तर आप्पांनी बैल जुंपला होता आणि पालीचा म्हातारा फळीवर बसून त्यांना मेव्हण्याच्या घरची भांडणं सांगत होता. मी कपाळावर हात मारला, तो खरकटाच.

असं रोज चाललं. मी सोडायचो, आप्पा जुंपायचे. शेजारी तर मला तासवाला म्हणायला लागले. बाराचा तास पडला की पलीकडून कुणीतरी हाक मारायचं, "तासवाले, बैलाची कचेरी सुटली का?" आणि सगळे हसायचे. दिवसाचे मी पाडलेले तुकडे जो तो उचलून न्यायचा. बैलाचा खांदा आता चिघळला होता. हळद-तेल लावताना तो नुसता माझ्याकडं बघायचा आणि मला जास्तच संताप यायचा.

सोमवार तेवढा निवांत असायचा. आम्ही लिंगायत तेली, सोमवारी बैल जुंपत नाही. त्या दिवशी एक माणूस फिरकायचा नाही. एकदा भाकरी खाताना मी बायकोपुढं आग पाखडली. म्हटलं, सोमवार बरा लक्षात राहतो ह्यांच्या. पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबाचा नोकरसुद्धा सोमवारी तेल गाळून मागत नाही. मग दुपार कशी लक्षात राहत नाही?

ती म्हणाली, "सोमवार देवाचा हाय. दुपार तुमची हाय. तुमचं कोण ऐकतंय?"

मी ताटावरून उठलो. राग तिचाच आला, कारण ती बोलली ते खरं होतं.

मंगळवारी बाराचा तास पडला आणि पालीचा म्हातारा पुन्हा हजर. जवसाची गोणी उतरवून तो सरळ बैलाच्या दाव्याला हात घालायला निघाला. आप्पा ओसरीवरून उठलेच होते. मी तोंड उघडायच्या आत बायको पिठाच्या हातानं बाहेर आली.

"बाबा, हात लावू नगा," ती म्हणाली. "मी कपिलधारच्या देवाला नवस बोललेय. बाराच्या तासापासून तिनाच्या तासापतुर त्यो बैल देवाला सोडलाय. तेवढ्या वक्ताला त्यो आमचा न्हाई."

म्हाताऱ्यानं हात मागं घेतला. चपला काढल्या. बैलाच्या पायाला हात लावून तो हात कपाळाला लावला, आणि मला म्हणाला, "हे आदी न्हाई का सांगायचं, येड्या?" गोणी ठेवून तो झाडाखाली जाऊन बसला. देवाचं नाव निघाल्यावर आप्पाही परत ओसरीवर जाऊन बसले.

मला वाटलं, सुटलो. चार दिवस मी बारा वाजता छाती पुढं काढून फिरलो. पण देवाला सोडलेला बैल गल्लीत आहे म्हटल्यावर आमच्या बाया घरात बसतात होय? बाराचा तास पडला की हळदीकुंकवाची ताटं घेऊन रांग. कुणी पाय धुतंय, कुणी शिंगांना फुलं बांधतंय, कुणी गुळाचा खडा तोंडाशी धरून "घे रे देवा" म्हणतंय. एकीनं तर त्याच्या चिघळलेल्या खांद्यावर कुंकू लावलं. बैल उभाच. घाण्यात निदान चालायला तरी मिळत होतं. इथं सगळ्यांचे हात अंगावर घेत, मागचे पाय थरथरत, तो तीन वाजेपर्यंत उभा. आणि तीनचा तास पडला की पालीचा म्हातारा आणि त्याचे भाऊबंद गोण्या घेऊन एकदम पुढं. मी बायकोकडं बघितलं. "आता ह्यांना काय सांगू?" ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचाही आवाज रडवेला होता.

त्या दिवशी संध्याकाळी बैलानं वैरणीला तोंड लावलं नाही. मी त्याच्यापाशी बसून राहिलो. आप्पा आले, बराच वेळ त्याच्या पायांकडं बघत उभे राहिले. खांद्यावरचं कुंकू त्यांनी ओल्या धडप्यानं हळूहळू पुसलं.

दुसऱ्या दिवशी बाराचा तास पडला आणि मी बैल सोडून गोठ्यात बांधून बाहेर आलो. मागं वळून बघतो तर आप्पांनी गोठ्याचं दार लोटून घेतलं होतं आणि ते उंबऱ्यात आडवी काठी घेऊन बसले होते. ताटं आली. गोण्याही आल्या. आप्पांनी काठी हलवली नाही.

"देव निजलाय," ते म्हणाले. "देवळात दुपारी दार लावत्यात का न्हाई? मंग. तीनला या."

एका बाईनं ताट तिथंच खाली ठेवलं. पालीच्या म्हाताऱ्यानं सोयऱ्याला दटावलं, "हळू बोल बे." उभ्या जन्मात गिऱ्हाईक वापस न धाडणाऱ्या माझ्या बापानं त्या दुपारी अख्खी गल्ली वापस धाडली, आणि कुणाला काही वाटलं नाही.

मी फटीतून आत बघितलं. बैल आधी नुसता उभा होता. मग त्यानं दाराकडं कान केले, थोडा वेळ तसाच थांबला आणि पुढचे गुडघे मोडून सावकाश खाली बसला. मान टाकली. मीही भिंतीला पाठ लावून आप्पांच्या शेजारी खाली टेकलो. मलाही कधीपासून दुपारचं बसायला मिळालं नव्हतं. डोळे मिटतात न मिटतात तोच काठीचं टोक माझ्या बरगडीला लागलं.

"त्यो देव हाय," आप्पा दबक्या आवाजात म्हणाले. "तू कावून बसलास? ऊठ, पेंड फोड."