मायची तब्येत सुधारली तेव्हा

माय अंगानं भरली याचा आमच्या घरात केवढा आनंद झाला होता, ते आजही मला विसरता येत नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी चंद्रपूरच्या वसतिगृहातून घरी आले. दारात जी बाई उभी होती तिला मी क्षणभर ओळखलंच नाही. माझी माय म्हणजे नुसती काडी. ही बाई तर गालांनी टमटमीत, चेहरा पुरणाच्या पोळीसारखा गोल, वर तुकतुकी. शेजारची मावशी माझ्याकडे बघून हसली, "काय पाहून राह्यली व? मायच हाये तुयी. तब्येत सुधारली तिची."

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आमचं गाव चिमूरच्या बाजूला, जंगलाला लागून. घरची शेती पुरत नव्हती म्हणून माय दुसऱ्यांच्या शेतात रोवण्याला जायची. रोवणा म्हणजे भाताची रोपं चिखलात लावणं, आणि त्यात मायचा हात धरणारी बाई अख्ख्या गावात नव्हती. तिच्या बोटांनाच संधिवातानं धरलं. सकाळी लुगड्याची गाठ मारता येईना. दवाखान्यातल्या गोळ्यांनी पोट जळायचं. शेवटी बाजारात बसणाऱ्या एका जडीबुटीवाल्याची पुडी तिनं आणली आणि चार दिवसांत तिची मूठ वळायला लागली.

आमच्या घरात देव नव्हते, भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. गंडेदोरे, अंगात येणं असलं काही बाबा उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत. पण पुडीला त्यांची ना नव्हती. "झाडाची मुळी हाये, भुताखेताचं काई नाई," असं ते स्वतःच सांगायचे. जंगलाच्या आडोशाला राहणाऱ्या माणसाला मुळीची भीती वाटत नाही. दवाई वेगळी आणि मुळी वेगळी, असा आमचा हिशेब होता.

पुढच्या पावसाळ्यात मायनं रोवणा असा केला की बायका तोंडात बोटं घालून बघत राहिल्या. सगळी रोपं लागली, आणि तिनं एके सकाळी उरलेल्या पुड्या नदीत सोडून दिल्या. दुखणं बरं झालं की उरलेलं औषध घरात ठेवायचं नाही, वाहत्या पाण्यात सोडायचं, म्हणजे दुखणंही वाहून जातं, ही आमच्याकडची रीत. देव सोडले, पण ही रीत काही सुटली नव्हती. मी तेव्हा पोळ्याच्या सुट्टीवर घरीच होते. माय ओल्या पदरानं परत आली आणि म्हणाली, "झालं बाप्पा. आता मी मोकळी."

दोन-तीन दिवसांनी तिला ताप आला, वांत्या सुरू झाल्या. हिवतापाचं गावात कोणाला नवल वाटत नाही, आम्हालाही वाटलं नाही. पण हिवतापाच्या गोळ्यांनी काही होईना. ती भिंतीला टेकून बसायची आणि बसल्या जागी कलंडायची. एका सकाळी तिनं मला ओळखलं नाही. बाबांनी बैलबंडी जुंपली, सडकेवर एक जीप थांबवली, आणि मावशीला घेऊन आम्ही चंद्रपूरच्या दवाखान्यात पोचलो. मायचे हात बर्फासारखे गार होते. नर्सनं रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला आणि धावत गेली.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी विचारलं, "कोणतं औषध चालू होतं?"

"हिवतापाच्या गोळ्या सोडून कोणतंच नाई जी," बाबा म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. मुळी म्हणजे दवाई नव्हेच!

बाईंनी मायचा दंड उचलून पाहिला. चेहरा एवढा भरलेला आणि दंड मात्र काटकुळा, त्यावर निळेजांभळे डाग. मानेमागे मांसाचा उंचवटा. हे सगळं रोज आमच्या डोळ्यांसमोर होतं आणि आम्हाला फक्त गाल दिसले होते. "ह्या आधीपासून अशाच आहेत का?" बाईंनी विचारलं.

मावशीला राहवलं नाही. "नाई जी! आधी हाडाची काडी होती. पुडी खाऊन अशी झाली."

बाई झटक्यात वळल्या. "कसली पुडी? बंद कधी केली?" मी नदीचं सांगितलं. "एकदम सोडली म्हणूनच हे झालंय," त्या म्हणाल्या आणि पुढचं ऐकूनही घेतलं नाही. सलाईन आलं, त्यात इंजेक्शन गेलं. बाबा भिंतीला धरून उभे होते आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. माय मरते, एवढंच माझ्या डोक्यात होतं. एका पुडीपायी, तीही सोडल्यामुळे? खाऊन माणूस मरतो हे ऐकलं होतं, सोडून कसं मरेल?

संध्याकाळी मायनं डोळे उघडले आणि पेज मागितली. मी तिथेच रडायला लागले.

मग बाईंनी आम्हाला समजावलं. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपी घातल्यासारखी एकेक छोटी ग्रंथी असते. तिच्यातून पाझरणारं एक संप्रेरक माणसाला आजारात, तापात, उपासात तारून नेतं. पुडीत त्याच जातीचं औषध, स्टिरॉइड, कोणीतरी मिसळलं होतं; गाल भरले तेही त्यानंच. "घरात आयतं येऊन पडायला लागलं की कोणी कामाला जाईल का? तुमच्या बाईंच्या ग्रंथी वर्षभर बसून राहिल्या. आयतं बंद झालं, आणि त्यांना उठताच येईना."

"आन आता सलाईनमंदून काय देल्लं?" बाबांनी विचारलं.

"त्याच जातीचं औषध."

"ज्या इखानं पाडलं, तेच?"

"ते विष नाही हो. ते आपल्याच अंगात बनतं." बाईंनी बोट रोखून बजावलं, "गावात आणखी कोणी खात असेल तर एकाएकी सोडायचं नाही. इकडे या, आम्ही हळूहळू कमी करू."

मला शाळेतला धडा आठवला. अधिवृक्क ग्रंथी! आकृती काढून, नावं देऊन मी पैकीच्या पैकी गुण घेतले होते. ती माझ्या मायच्या पोटात आहे, हे त्या आकृतीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. शिक्षणाची मला तेव्हा भयंकर चीड आली.

मायचा धोका टळल्यावर तिच्याजवळ मावशीला ठेवून बाबा आणि मी गावाकडे निघालो. बाजाराचा दिवस होता. एसटीतून उतरताच त्यांनी एका गाडीवानाची तुतारी ओढून घेतली आणि तरातरा चालायला लागले. बैलांना टोचायची ती काठी त्यांच्या हातात बघून मी ओळखलं, हे जडीबुटीवाल्याकडे निघालेत. मी मागे धावले. मलाही तो माणूस मार खाताना पाहायचा होता, हेही खरंच.

तो चिंचेखाली होता. मुळ्या, साली मांडून ठेवलेल्या आणि त्यांच्यामागे म्हातारा स्वतः पोत्यावर आडवा पडलेला. बाबांनी तुतारी उगारली. त्यानं तोंड वर केलं आणि बाबांचा हात तसाच राहिला. गोल, टमटमीत चेहरा. फाटक्या सदऱ्यातून बाहेर आलेले काड्यांसारखे हात, त्यावर निळे डाग.

"मारा भाऊ," तो पुटपुटला. "बाई पडली, आयकलं मी. ते भुकटी शेहरातून आणत होतो, भस्म म्हनून. माया गुडघ्याले लागू पडलं म्हनून लोकाले देल्लं. मीबी रोज खातो, दोन वर्स झाले." तो थांबला, कोरडा ओकला. "बाईचं आयकलं तवापासून तोंडात नाई घातलं. पाप लागते."

त्याच्या कपाळावर घाम होता. मी हात लावला. गार.

"बाबा," मी किंचाळले, "यानं सोडलंय!"

बाबांनी तुतारी फेकली. गुडघ्यांवर बसून ते त्याचे डबे उचकू लागले, मुळ्या चारी बाजूंना उडाल्या. पुडी सापडली. त्यांनी म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. "खा," ते म्हणाले. तो मान फिरवत होता. "खा गा भाऊ, हात जोडतो तुले!" आणि माझ्यावर ओरडले, "पाहून काय राह्यली? पानी आन!"