करीमचाचांचं शिसं

फोन आला तेव्हा मी कुरखेड्याच्या शाळेच्या मैदानावर खो-खोसाठी चुन्याच्या रेघा आखत होते. पलीकडे नूरचाची होत्या. एरवी 'कशी हायेस बेटी' म्हटल्याशिवाय त्यांचं बोलणं सुरू होत नाही. त्या दिवशी सरळ म्हणाल्या, "चाचा गेले तुझे. नमाज पढून भिंतीले टेकून बसले… अन् बसलेच." अर्धी रेघ तशीच टाकून मी चंद्रपूरची बस धरली. वडसा मागे पडेपर्यंत रडू आलं नाही. मग आलं ते मूल गाव येईपर्यंत थांबेना, आणि शेजारी बसलेल्या बाई न विचारता माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

करीमचाचा माझे रक्ताचे कुणी नव्हते. चंद्रपुरात त्यांचं बंदुका दुरुस्तीचं परवान्याचं दुकान होतं. पिकाच्या राखणीची बंदूक घेऊन गावोगावचे शेतकरी त्यांच्याकडे यायचे, आणि आमच्या रायफल क्लबची हत्यारंही तेच सांभाळायचे. मी चामोर्शीची, धानवाल्या घरची. कॉलेजसाठी चंद्रपुरात आले आणि मैत्रिणीच्या नादानं क्लबात गेले. मैत्रीण आठवड्यात कंटाळली. मी मात्र रिव्हॉल्व्हरला चिकटले ती चिकटलेच. अडचण काडतुसांची होती. विकतची परवडायची नाहीत आणि परवडली तरी वेळेवर मिळायची नाहीत. सरावाची काडतुसं क्लबानं स्वतः भरावीत अशी रीतसर परवानगी होती, आणि ते काम चाचांकडे होतं. चाचा नसते तर मी वर्षाकाठी दोन-चार बार मारून घरी बसले असते, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन.

आमच्या क्लबात कुठलीच गोळी मरत नसे. उन्हाळ्यात आम्ही निशाण्यामागचा मातीचा बांध उकरायचो आणि आधी झाडलेलं शिसं वेचायचो. त्यासाठी मी घरून आईचं सूप आणलं होतं. धान पाखडायच्या सुपात माती पाखडताना बघून चाचा खूश झाले होते. "पाह्य, शेतकऱ्याची पोरगी कामाची असते," असं ते येईल त्याला सांगत सुटले. वरची भर म्हणून पंक्चरवाल्यांकडून गाड्यांच्या चाकांना लावायचे शिशाचे तुकडे यायचे. मग दुकानामागच्या मोकळ्या अंगणात, तोंडाला फडकं बांधून, चाचा शिसं वितळवायचे आणि पळीनं साच्यात ओतायचे. साचा उघडला की चकचकीत गोळी बाहेर पडायची. थंड झाल्यावर ती बोटांत फिरवून बघायची, हे काम माझं. अंगावर बारीकशी जरी वळी दिसली तरी चाचा म्हणायचे, "सुरकुती पडली हिले. म्हातारी झाली. टाक कढईत, जवान होऊन येऊ दे." आमची निम्मी मेहनत अशी परत कढईत जायची. मी वैतागायचे. ते गालातल्या गालात हसायचे.

शिकवणं त्यांचं फारसं नव्हतं. नेम कसा धरायचा ते मला इतरांनी शिकवलं. चाचांनी एकच गोष्ट डोक्यात ठोकून ठोकून बसवली. "बार हलका वाजला ना बेटी, हात खाली. समोर वाघ असो की बक्षीस असो, दुसरा बार नाई." काडतुसात बारूद कमी पडली तर बुडाच्या टोपीच्या नुसत्या ठिणगीनं गोळी नळीत शिरते आणि तिथंच अडकते; मागून दुसरी आली, तर नळी हातातच फुटते. त्यात बोटं गमावलेला एक माणूस त्यांनी तरुणपणी पाहिला होता. त्याच्याबद्दल ते कधी जास्त बोलले नाहीत.

राज्य स्पर्धेच्या निवडीच्या दिवशी विकतची काडतुसं आलीच नाहीत. आयोजकांनी आधीच सांगून टाकलं, क्लबात भरलेली चालतील, पण त्यात खोट निघाली तर पुन्हा संधी नाही. मला काळजी वाटली नाही. काडतुसं चाचांची होती ना! शेवटच्या मालिकेपर्यंत मी पुढे होते. निवड जवळजवळ हातात होती. घरी आईनं देवापुढं नारळ ठेवला होता. आणि त्या मालिकेत मधलाच एक बार वाजला… म्हणजे वाजलाच नाही नीट. कुणी लांबवर टाळी वाजवावी तसा. मागून कुणीतरी ओरडलं, "मार ना, टाइम चालला!" माझं बोट चापावर होतं. मनात आलं, भास असेल, वाऱ्यानं आवाज उडाला असेल. हे सगळं मनात येत असतानाच माझा हात खाली गेला. मी रिव्हॉल्व्हर ठेवलं आणि पंचांना हाक मारली. ते तपासेपर्यंत वेळ संपला. गोळी नळीत अडकली होती.

चाचा कडेच्या बाकावर होते. ते उठले आणि सगळ्यांसमोर, कुणी विचारायच्या आत म्हणाले, "काडतूस मी भरलं होतं. बारूद टाकायची राहिली. चूक माही हाय, पोरीची नाई." भर मैदानात एवढं सरळ बोललेला माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. निवड गेली त्याचं मला रडू येत होतं, आणि त्याच वेळी या माणसाच्या हाताखाली मी तयार झाले याचा असा काही अभिमान वाटत होता की रडताना मान वर होती.

बारूद राहिली कशी, ते त्यांनी दोन दिवसांनी सांगितलं. काडतुसं भरत असताना माझे बाबा नव्या तांदळाची पिशवी घेऊन दुकानात आले होते. "तुझा बाप दारात उभा. उठून पाणी नाई देणार त? वापस येऊन बसलो, अन् एक पुंगळी तशीच बिनबारुदीची राह्यली." त्या खेपेचं एकूण एक काडतूस त्यांनी उघडून पुन्हा भरलं. पुढे भरायच्या दिवशी दाराला आतून कडी लागू लागली. बाबा पुढच्या हंगामात तांदूळ घेऊन गेले, तर त्यांना शेजारच्या टेलरकडे बसवलं. बाबा आधी फुगले. मग गावभर सांगत फिरले, की आमच्या पोरीचा चाचा कामात देवालाही दार उघडत नाही.

पुढच्या वर्षी मी निवडले गेले, राज्यात पदकही आणलं. ते गळ्यात घालून चाचांनी फोटो काढून घेतला. तो फोटो दुकानात लागेल असं मला वाटलं होतं. लागला नाही. मला थोडं लागलंच ते, पण विचारलं नाही.

चाचांच्या चाळिसाव्याला मी गेले तेव्हा बायका उठून गेल्यावर नूरचाची मला दुकानात घेऊन गेल्या. गल्ल्याच्या वरच्या कोनाड्यात, अत्तराच्या रिकाम्या डबीत, कापसावर चेपलेलं, ओरखडलेलं शिसं होतं. ओळखायला मला वेळ लागला. नळीतून ठोकून काढलेली तीच गोळी. चाची म्हणाल्या, "कोणी बी आलं, पोलीस येवो की पाहुणा, डबी उघडून दाखवत. मी म्हनायची, आपली चूक काऊन दाखवून राह्यले लोकायले? त म्हनायचे, चूक नाई दाखवत मी. ह्या गोळीमागं दुसरी गोळी नाई आली ना, ते दाखवतो. ते माह्या पोरीनं केलं."