मुशी नव्हे, घूस

आमच्या घरी पत्रकांचे गठ्ठे असायचे. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली. त्यामुळे आत्याचा ओटा गेला तेव्हा मला एकच हत्यार सुचलं.

पनवेलच्या मासळी बाजारात आत्या वीस वर्षं एकाच ओट्यावर बसायची. दुरुस्तीचं निमित्त करून सगळ्या कोळणींना चार दिवस बाजाराबाहेर बसवलं. परतल्यावर तिच्या जागी बाजारातल्या पुढाऱ्याच्या मर्जीतला एक कोळंबीवाला होता. आत्या गटाराकडेला पाटी मांडू लागली. त्या पुढाऱ्याला धडा शिकवायचाच, असं मी ठरवलं.

पत्रक काढलं, 'बाजारातली मुशी'. मुशी म्हणजे शार्क; तिचे दात, रक्त, भूक, सगळं लिहिलं. पुढाऱ्याने ते चहाच्या टपरीवर खुशीत मोठ्याने वाचून दाखवलं.

संध्याकाळी आत्या मुशीच्या खरखरीत कातडीवर गरम पाणी ओतत होती.

"मुशीनं तुजं काय घोडं मारलंय, बाय? तुजी आई बालंतीन व्हती तवा मी तिला मुशीचंच कालवन घातलं. त्या दुधावर वाढलीस तू."

"पण ती जाळी फाडते."

"समोरून येऊन फाडते. गावली तर आमी खातो. याला मुशी म्हनलीस तर तो मिशीला पील देनारच."

"मग काय म्हणू?"

"घूस म्हन. घूस बांध आतून पोखरते. वरून बांध साबूत दिसतो, आन एक दिवस खारं पानी शेतात. तवर कुनाला कलत पन नाय."

दुसरं पत्रक निघालं, 'बाजारातली घूस'. बर्फ वाहणारे हमाल हिंदी बोलणारे. त्यांच्या भाषेत घूस म्हणजे लाच. ते कोळंबीवाल्याला जाता-येता विचारू लागले, "सेठ, कितनी दी?" मी लाचेबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. खुलासा करायला हवा होता. केला नाही, कारण पुढाऱ्याचा उतरलेला चेहरा मला रोज बघायचा होता.

आठवड्याने त्याचा निरोप आला. पहिलं पत्रक पुन्हा वाटा, ओटा परत घ्या.

"ओटा माजा हाय," आत्या निरोप्याला म्हणाली. "माजीच वस्तू मला काय देतो?" आणि पाटी उचलून ती सरळ जाऊन ओट्यावर बसली. कोळंबीवाला हमालांकडे बघत उठला.

पुढारी अजून मला गाठतो. "मुशी कधी छापताय?"

मी सांगते, मुशीची एकदा बदनामी केली, पुन्हा करणार नाही.