जे तापमान मी वहीत लिहिलं नाही

ही हकीकत मी बायकोलाही सांगितलेली नाही. विषय निघाला की उठून पाणी प्यायला जायचो. पण परवा नातवाने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला... पाच-सहा पोरं पडक्या घरात बुटांसकट शिरून "हिंमत असेल तर समोर ये" म्हणत शिव्या देतायत, आणि शेवटी जाहीर करतायत – इथे काही नाही. माझं डोकंच फिरलं. कारण आम्हीही हेच केलं होतं.

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही.

सत्तरच्या दशकात कोल्हापुरात कॉलेजला असताना आम्हा चौघांचं भुताटकीच्या गोष्टी तपासणारं एक मंडळ होतं. म्होरक्या शिरीष, वही आणि थर्मामीटर माझ्याकडे. मलकापूरच्या अलीकडे एक गुऱ्हाळ सहा वर्षं बंद होतं. तिथली काहील, म्हणजे रस उकळायची मोठी कढई, रिकामी असूनही दुपारी आपोआप तापते, रसाचा वास येतो, असं दस्तगीरचाचा सांगायचे. ते तिथले जुने गुळवे, रसाचा गूळ करणारे, आता आसपासच्या गुऱ्हाळांवर जायचे. आम्ही पोहोचलो तर दारातच म्हणाले, "पावणं, पायातलं भाईर काढा. भट्टी बंद हाय, रीत बंद न्हाय."

"तुमचं भूत कुठल्या एस्टीनं येतंय चाचा?" शिरीषने विचारलं.

"ते तुमच्या आदीच येऊन बसलंय की. तुमीच उबं हायसा."

आम्ही बूट काढले नाहीत. दोन तास आरडाओरडा, शिट्ट्या. शिरीषने सिगारेटची राख काहिलीत झाडली. पारा अठ्ठावीसवरून हलला नाही. "थापा आहेत सगळ्या," म्हणत तिघं बाहेर पडले. मी काहिलीतला थर्मामीटर उचलायला मागे राहिलो.

चाचांनी खांद्यावरच्या टॉवेलने राख पुसली आणि काहिलीला हात लावून पुटपुटले, "पोरं हायत. चुकलं त्येंचं." मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी बूट काढले आणि खाली बसलो. दहाएक मिनिटांनी वास आला... उकळत्या रसाचा, दाट. काठाला बोट लावलं तर चटका बसला. पारा चौपन्नवर! काहिलीखालच्या चुलवणात वाकून पाहिलं – विस्तव नाही, माती गार. छप्पर शाबूत, ऊन आत येत नव्हतं.

चाचा एवढंच म्हणाले, "लिवा की तेवढं."

"लिहितो," म्हणालो. बाहेर तिघं हसत उभे होते. मी वही मिटली.

आमचा अहवाल पेपरात छापून आला – काहीही आढळले नाही, सांगणारा थापाड्या आहे. खाली सही माझी. अहो, जी जागा साक्ष देणार तिचा दारातच अपमान करायचा आणि ती गप्प राहिली की सांगणाऱ्याला खोटं ठरवायचं, हा कुठला तपास? आणि ज्याच्यासमोर साक्ष झाली त्याने, म्हणजे मी, ती गिळली.

गुळव्याने उकळता पाक बघून "आला" म्हटलं की काहील उतरवतात. त्याच्या एका शब्दावर सगळा गूळ ठरतो. थापाड्याच्या शब्दावर काहील कोण उतरवणार?

काही वर्षांनी मलकापूरच्या स्टँडवर चाचा शेंगा विकताना दिसले. त्यांनी मला लगेच ओळखलं. "बसा की पावणं. त्या कागदापास्नं गुऱ्हाळावर कोण बोलवत न्हाय. शेंगा खावा." मूठभर शेंगा हातावर ठेवल्या.

पारा का चढला, हे मला आजही सांगता येत नाही. पण त्या दिवशी काय सांगायचं ते तोंडाशी आलं होतं. गाडी लागली. मी म्हणालो, "शेंगा छान भाजल्यात," आणि चढलो.

म्हणायचं होतं – चाचा, चौपन्न होतं. मी लिहिलं नाही. माझं चुकलं.