हाय टीची मान

पुण्याहून निघताना आईनं दत्तूमामाला दारातच अडवलं.

"दत्तू, ती घोडी ती नसली, तर काय?"

"तर यापुढे घोड्याचं नाव काढणार नाही. अक्का, तुझ्या गळ्याशपथ."

"माझा गळा कशाला मध्ये घेतोस? स्वतःचा घे," आई म्हणाली. गुडघ्यांमुळे तिला लग्नाला येता येणार नव्हतं, म्हणून तिनं मला बाजूला ओढून बजावलं, "सुमे, नीट बघून ये. आणि मला खरं काय ते सांग."

तर आमच्या या प्रवासाचं कारण एक घोडी. माझी मावसबहीण नीता मीरा रोडला बेव्हर्ली पार्कात राहते. तिच्या ओंकारचं लग्न निघालं. वरातीसाठी ठरवलेल्या पांढऱ्या घोडीचा फोटो तिनं घरच्या ग्रुपवर टाकला आणि मामा चहाचा कप हातात धरून उठला तो पुन्हा बसेचना. "ही ठकी! ही आपली ठकी आहे!" असा त्यानं जो घोष लावला तो आजतागायत चालू आहे.

मामानं सगळी नोकरी पुण्याजवळच्या एका स्टड फार्मवर (शर्यतीच्या घोड्यांची पैदास करतात ती जागा) कारकून म्हणून केली. टेबलावर कमी आणि तबेल्यात जास्त. स्वतःच्या पणजोबांचं नाव विचारा, डोकं खाजवेल. ठकीची वंशावळ मात्र झोपेतून उठवून विचारा. बाप हाय कमिशनर, आयर्लंडहून आणलेला, स्वभावानं तिरसट. आईचं नाव टी टाइम, गरीब गाय. म्हणून पोरीचं शर्यतीतलं नाव हाय टी आणि लाडाचं ठकी. तिची आजी बंगलोरला जिंकलेली, पणजी म्हणे एका महाराजांना चावलेली. घरातल्या एका भाचीच्या लग्नात सासरच्यांनी कुळाची चौकशी केली तेव्हा मामानं चुकून हीच वंशावळ सुरू केली होती.

आणि मग तिच्या शर्यती. मामाच्या म्हणण्याप्रमाणे ही घोडी भारी आळशी. एकटी असली की पळायचीच नाही. शेजारी दुसरं घोडं आलं की मात्र हिची मान पुढे. मानेएवढंच पुढे, त्याहून एक बोट जास्त नाही. मुंबईत मानेनं जिंकली, पुण्याची सगळ्यात मोठी शर्यत, डर्बी, तीही मानेनं जिंकली. हरली ती एकदाच. तेव्हा दुसरा घोडा मैदानाच्या पार पलीकडच्या कडेनं पळाला आणि तो हिला दिसलाच नाही. आपणच पहिल्या आहोत अशा समजुतीत बाई रमतगमत आल्या.

आता हे कोण खरं मानणार? आमच्या घरात कुणी थाप मारली की 'मामाची मान' म्हणायची पद्धतच पडली. पोरं परीक्षेचे मार्क सांगायची, की आई विचारायची, "खरे की मामाची मान?" मामा हसायचा. पण हसताना त्याचं तोंड कसनुसं व्हायचं, ते मी पाहिलेलं आहे.

आमची बस काशीमिरा नाक्याला टेकेपर्यंत ऊन चांगलंच तापलं होतं. मामानं ठकीसाठी गूळ घेतला होता आणि तो माझ्या बॅगेत, माझ्या पैठणीवर ठेवला होता. गुळानं आपलं काम केलं. मी बसमधून उतरतानाच मामाला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

"धुतली की जाईल गं," मामा म्हणाला.

"पैठणी?"

"नाही, म्हणजे... गूळ."

नीताच्या घरी लग्नघराचा गोंधळ होता. शेजारच्या पटेलभाभींनी खांडवी पाठवली होती, समोरच्या चाचींकडून शीरखुर्मा आला होता, आणि नीता जमलेल्या बायकांशी तीन भाषांत बोलत पुरणपोळ्या मोजायला सांगत होती. वरात लग्नाआधी निघणार होती. आमच्या वेळी लग्न लागल्यावर निघायची. मी तसं म्हटलंही. "ताई, इथे सगळे आधीच काढतात," नीता म्हणाली. मामाचं यात लक्षच नव्हतं. त्याला घोडी बघायची होती.

घोडी भाईंदर पश्चिमेला, बाजाराच्या मागे बांधलेली असते असं कळलं. रिक्षावाला तिकडच्या राई गावचा निघाला. त्यानं आरशातून आम्हाला निरखलं.

"घोरी बघाया पुन्यावरशी आलाव? पुन्यान घोऱ्या न्हाय?"

"ही शर्यतीची आहे," मामा म्हणाला.

"रफिकभाईची? ती शर्यतीची न्हाय हाय, काका. ती चालत पन न्हाय. माज्या भावाच्या लग्नान बँडवाले जेवाया बसले तरी ही नाक्यावरच."

मामाचा चेहरा उजळला. "बघ, सुमे! आळशी!"

रफिकभाई नया नगरचे. माणूस बोलायला मोकळा. चहा मागवला, सोबत खारी. "काका, पुण्याच्या एका माणसाकडनं आली, बस इतना मालूम. मी चांदनी म्हणतो, ती पण स्वतःला चांदनीच समजते."

"पण ठकीचा रंग राखाडी होता ना रे, मामा?" मी मुद्दाम विचारलं. आईनं बजावलं होतं ना.

"राखाडी घोडं वयानं पांढरं होतं. माझं डोकं बघ."

मग मामा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. मेंदी लावलेली आयाळ, पापण्या पांढऱ्या, खालचा ओठ लोंबलेला. मामानं अगदी हळू हाक मारली, "ठके." घोडीनं कान हलवला नाही. "ठके, मी दत्तू." तिनं उरलासुरला गूळ खाल्ला, मामाचा हात चाटून साफ केला आणि पाठ फिरवून उभी राहिली.

येताना रिक्षात मामा गुळाच्या रिकाम्या कागदाच्या घड्या घालत बसला. मला वाटलं होतं की मला हसू येईल. आलं नाही. उलट आईचाच राग आला, आणि मग स्वतःचाही, कारण 'मामाची मान' म्हणण्यात मीही कधी मागे नव्हते.

दुसऱ्या दिवशी वरात निघाली. म्हणजे उभी राहिली. ओंकार फेटा बांधून घोडीवर, घोडीच्या तोंडावर टिकल्यांचा बुरखा, पुढे बँड, आणि नीताच्या सोसायटीतल्या झाडून साऱ्या बायका नाचतायत. मीही नाचले, कालच्या डागावर पदर ओढून. रफिकभाई लगाम ओढत होते, चुचकारत होते, पण घोडी एक पाऊल टाकायची आणि विचार करायची. हॉल समोर दिसत होता. हॉलच्या दारात आमच्या नव्या विहीणबाई औक्षणाचं ताट घेऊन उभ्या होत्या, आणि निरांजन विझलं की पुन्हा लावत होत्या.

मामा कडेला फुटपाथवर उभा होता. नातेवाईक येता-जाता विचारत होते, "काय दत्तोबा, हीच का डर्बीवाली?" तो फक्त मान हलवायचा. हो की नाही, ते त्यातून कळत नव्हतं.

तेवढ्यात मागून दुसरी वरात आली. आमच्या हॉलला लागूनच दुसरा हॉल आहे, तिथे एका गुजराती मुलीचं लग्न होतं. मुहूर्त तोच, रस्ता तोच. त्यांचा नवरदेव तरण्याबांड तांबड्या घोड्यावर होता. आम्ही रस्ता अडवून नाचत होतो, म्हणून ते बाजूनं पुढे निघाले. तांबडा घोडा आमच्या घोडीच्या शेजारी आला.

"सुमे," मामा ओरडला, "कान बघ! तिचे कान!"

घोडीचे कान मागे गेले होते. बुरख्याखालचा लोंबता ओठ आत गेला. आणि ती चालू लागली. घाईनं नव्हे, पण मान पुढे काढून.

तांबड्याच्या माणसानं घोडा जरा पुढे दामटला. आमची मान पुन्हा पुढे. "अरे, आगे लो, आगे!" त्यांच्याकडचा कुणीतरी काका ओरडला. त्यांना वाटलं आम्ही मुद्दाम करतोय. तांबडा दुडक्या चालीवर आला, आमचीही आली. रफिकभाई लगामाला लोंबकळत पळत होते, "चांदनी! अरी ओ चांदनी!" बँडवाले धावता धावता वाजवत होते आणि मधला तुतारीवाला तर नुसताच धावत होता. ओंकारनं दोन्ही हातांनी फेटा धरला होता, म्हणजे घोडी कशानं धरली होती देव जाणे. नाचणाऱ्या बायका भिंतीला चिकटल्या. आणि या सगळ्यांच्या मागून आमचा मामा धोतर सावरत पळत होता आणि ओरडत होता, "मान! मान! फक्त मान!"

आमचा हॉल आला आणि गेला. विहीणबाई ताट घेऊन उभ्याच, आणि जावई समोरून निघून गेला. "अगं बाई, चालले कुठे?" एवढंच त्या म्हणाल्या.

तांबडा घोडा त्याच्या हॉलच्या दारात थांबला. आमची घोडीही थांबली. मानेएवढी पुढे.

दारात त्यांच्याकडच्या सासूबाई पोंखणं (मांडवाच्या दारात जावयाला ओवाळणं) करायला उभ्या होत्या. जाड भिंगाचा चष्मा बहुधा फोटोसाठी काढून ठेवला असावा. त्यात फुलांच्या मुंडावळ्यांत ओंकारचा चेहरा दिसतच नव्हता. रफिकभाईंनी त्याला खाली उतरवलं, तोच बाईंनी "पधारो जमाईराज!" म्हणत त्याला कुंकू लावलं आणि त्यांच्या रीतीप्रमाणे जावयाचं नाक चिमटीत पकडलं. चांगलं घट्ट.

"आंटी, मैं बाजूवाले हॉल का हूँ," ओंकार नाकातून म्हणाला.

बाईंनी हातातल्या नाकाकडे पाहिलं. मग तांबड्यावरच्या आपल्या खऱ्या जावयाकडे पाहिलं. आणि इतक्या मोठ्यांदा हसल्या, की दोन्हीकडचे लोक हसायला लागले. त्यांनी नाक सोडलं, पण ओंकारच्या तोंडात पेढा कोंबूनच त्याला परत पाठवलं. आमच्या विहीणबाईंनी तोंडाला लागलेला तो पेढा औक्षणाआधी पुसायला लावला.

त्या गर्दीत मामा घोडीपाशी पोहोचला होता. दम लागलेला दोघांनाही. त्यानं टिकल्यांचा बुरखा वर केला आणि म्हणाला, "ठके, तूच गं तूच." डोळ्यांतून घळाघळा पाणी. घोडीनं त्याचा खिसा हुंगला. खिशात काही नव्हतं. मग तिनं त्याच्या फेट्याचा शेव चावायला घेतला.

"काका, सच्ची में शर्यतवाली?" रफिकभाईंनी विचारलं. मामा तिच्या तोंडातून फेटा सोडवत होता. मीच म्हटलं, "सच्ची में."

लग्न लागलं, जेवणं झाली. नातेवाईक आता मामाला घेरून बसले होते, "दत्तोबा, ती महाराजांना चावल्याची गोष्ट सांगा ना." मामानं ती तीनदा सांगितली.

परतीच्या बसमध्ये मी आईला फोन लावला. माझा आवाज सगळ्या बसला ऐकू जात असणार. "आई, तीच! अगं, काय पळाली! तांबड्याला अख्ख्या घोड्याएवढं मागे टाकलं!"

मामानं माझ्या हातातून फोन घेतला. "अक्का, हिचं ऐकू नकोस. मानेनं. मानेएवढीच पुढे होती."

पलीकडून आईनं विचारलं, "आणि तुला ओळखलं का रे तिनं, दत्तू?"

मामानं खिडकीबाहेर पाहिलं. इतक्या वर्षांत इतकी सोपी थाप त्याला कुणी आयती दिली नव्हती.

"नाही गं," तो म्हणाला. "मला नाही ओळखलं."

"मग तीच होती," आई म्हणाली.