पाण्याची फळी

माझी आई बोईसरच्या बाजारात मासे विकायला बसते. टोपली रिकामी झाल्याशिवाय ती मुरब्याची एसटी कधी धरत नाही. त्या गुरुवारी मात्र ती भर दुपारीच घरी आली आणि टोपलीतले बोंबील तसेच होते. मी ओट्यावर अर्थशास्त्राचं पुस्तक घेऊन बसले होते. तिने टोपली खाली ठेवली, हातसुद्धा धुतले नाहीत, आणि म्हणाली, "पोरी, ते पुस्तक ठेव जरा. तुजी ती कॉलनीतली मैतरीण..." सुनंदाच्या शेजारच्या बाई आईचं नेहमीचं गिऱ्हाईक, त्यांनीच बाजारात ही बातमी सांगितली होती. मी आईला जो पहिला प्रश्न विचारला तो आता आठवला की माझं मलाच नवल वाटतं. मी विचारलं, "आज तिथी कुठली?" आई म्हणाली, "बारस हाय." म्हणजे पुनव रविवारीच होती. पुनवेला मी सुनंदाकडे जायचं आमचं ठरलं होतं.

सुनंदाला जाऊन आता काही आठवडे झाले. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. परीक्षेची उत्तरं सोडली तर आजवर मी कधी काही लिहिलेलं नाही, आणि हे नीट जमेल की नाही ठाऊक नाही. पण तिने टेबलावर जे उभं केलं होतं ते आम्हा दोघींखेरीज फार कुणी पाहिलेलं नाही. ते कुणीतरी सांगायला हवं असं वाटतं.

आमची ओळख माझ्या उशिरा येण्यामुळे झाली. मुरबे खाडीच्या अलीकडे आणि सातपाटी पलीकडे. होडीने खाडी ओलांडायची आणि सातपाटीहून पालघरची एसटी पकडायची, हा माझा कॉलेजचा रस्ता. ओहोटी असली की होडी काठाला लागत नाही, मग पाण्याची वाट बघत बसावं लागतं. बोईसरवरून वळसा घालून गेलं तर पहिला तास बुडायचाच. एकदा सरांनी सगळ्या वर्गासमोर उशिराचं कारण विचारलं आणि मी खरं ते सांगितलं, "सर, ओहोटी होती." वर्ग खो खो हसला. सरही हसले. मी मान खाली घालून मागच्या बाकावर जाऊन बसले. तिथे बसलेली मुलगी हसत नव्हती. तिने वाकून हळूच विचारलं, "म्हणजे खाडीतलं सगळं पाणी जातं? तळ दिसतो?" मला वाटलं हीसुद्धा थट्टाच करते आहे. मी म्हटलं, "येऊन बघ." तिने लगेच विचारलं, "कधी येऊ?"

तीच सुनंदा. तिचे वडील साताऱ्याकडचे, बोईसरच्या कारखान्यात नोकरीला, तिथल्याच कॉलनीत राहायला. त्यांच्याकडे दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करतात. कॉलनीतली इतर मुलं दिवाळी संपली की किल्ला मोडून टाकत. सुनंदाने मात्र तो उचलून घरात टेबलावर नेला आणि त्याचा खेळ केला. काकांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, कंपनीतून यंत्रांच्या खोक्यांतलं थर्माकोल आणून दिलं होतं. ते कापून, गरम सुरीने चरे पाडून तिने बुरूज केले होते. लाकडाचा भुसा हिरव्या रंगात भिजवून, वाळवून त्याचं गवत. शाडूचे सैनिक तर जेमतेम बोटाच्या पेराएवढे. तारेवर माती चढवायची, सावलीत सुकवायची आणि अगदी बारीक ब्रशने पागोटं, मिशी, कमरेचा शेला रंगवायचा. ब्रशला टोक यावं म्हणून ती तो ओठांत धरून ओढायची. काकू ओरडायच्या, "अगं, इष खातीयास व्हय!" सुनंदा रंगलेल्या ओठांनी म्हणायची, "हा लाल आहे आई, गोड लागतो."

किल्ला समुद्रातला होता आणि भोवती समुद्र होता, निळाशार. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिने मोठ्या हौसेने विचारलं, "कसा वाटला?" मला खोटं बोलता आलं नाही. मी म्हटलं, "छान आहे. पण हे आमचं पाणी नाही." आमच्याकडचं पाणी चहासारखं, गढूळ. आणि ते असं जागच्या जागी बसून राहत नाही. तिला वाईट वाटलं असेल असं मला घरी परतताना सारखं वाटत राहिलं. पण दुसऱ्या दिवशी कॉलेजात आली तेव्हा तिच्या नखांत निळा रंग अडकलेला होता. रात्रीतून तिने सगळा समुद्र खरवडून काढला होता.

मग आम्ही दोघींनी मिळून खाडी केली. आधी मी आमच्या काठावरचा खरा चिखल डब्यात भरून नेला. दोन दिवसांत तो सुकून तडकला आणि घरभर असा वास सुटला की काकूंनी टेबलासकट आम्हाला गॅलरीत काढलं. शेवटी चहाचा चोथा वाळवून, डिंकात कालवून तळाचा गाळ केला. त्यावर भरतीचं पाणी म्हणून पातळ प्लायची एक फळी, गढूळ रंगाची, टेबलाच्या कडेतल्या खाचेतून आत सरकवता येईल अशी. भरती आली की होड्या हातांनी उचलायच्या, फळी आत सरकवायची, होड्या पुन्हा पाण्यावर ठेवायच्या. ओहोटी लागली की फळी बाहेर, होड्या गाळात. जाळं तरंगतं ठेवणाऱ्या जुन्या लाकडी बोया मी घरून नेल्या होत्या, त्या कोरून होड्या झाल्या. आईच्या जुन्या लुगड्याची शिडं लागली.

पाणी कधी भरायचं हे फाशावर सोडायला मी तयार नव्हते. बाहेर खरी खाडी असताना फासा कशाला? आमच्या घरी तिथीवरून पाणी कळतं. पुनवेला आणि अवसेला दुपारी बाराच्या सुमाराला भरतं, पुढे रोज थोडं थोडं उशिरा. सुनंदाला हे इतकं आवडलं की मग कॉलेजात भेटलं की तिचं पहिलं वाक्य तेच, "आज तिथी काय?" टेबलावर तेच पाणी असायचं जे त्या वेळी आमच्या खाडीत असेल. कधी एखादा डाव भरतीअभावी अडला आणि मी म्हटलं, "सरकव गं फळी, कोण बघतंय," तर ती म्हणायची, "खोटं पाणी नको."

खेळ असा. किल्ल्याला वेढा पडलेला. वेढा माझा, किल्ला तिचा. तिच्या होड्यांनी धान्य घेऊन किल्ल्याच्या पायरीला लागायचं आणि मी माझ्या तोफांनी त्यांना अडवायचं. एका पाळीत होडी चार बोटं पुढे जाणार, सैनिक दोन बोटं. ज्याची पाळी त्याची बोटं. यावरून आमची कायम भांडणं. "तुझी बोटं कोळणीची, जाडजूड. माझी बघ, शेवग्याच्या शेंगा. मला पाच बोटं दे." मी म्हणायची, "मग भाकऱ्या खा चार." एक नियम मात्र माझा होता आणि तो तिने वाद न घालता मानला. गाळात रुतलेल्या होडीवर हल्ला करायचा नाही. आमच्या गावात दोन घरांचं बोलणं बंद असलं तरी एखाद्याची होडी रुतली की दुसरा खाली उतरून खांदा लावतोच. बोलत नाही, पण खांदा लावतो. सुनंदाने हे ऐकून टेबलावरची एक होडी गाळात नीट बसवली. मग म्हणाली, "असं आमच्याकडे कुणी करत असेल का गं..."

दुसऱ्या वर्षाच्या सहामाहीनंतर तिला ताप येऊ लागला. रक्तातच काही बिघाड आहे असं डॉक्टर म्हणाले. मुंबईच्या फेऱ्या सुरू झाल्या, कॉलेज सुटलं. मी सुट्टीच्या दिवशी जायची. आजाराविषयी ती बोलू द्यायची नाही. आधी डाव.

शेवटचं भेटलो ती अष्टमी होती, रविवार. मी पोचले तेव्हा टेबलावर थोडं पाणी होतं. दुपारच्या ओहोटीआधी तिला होड्या किल्ल्याला लावायच्या होत्या. पायरी दोन पाळ्यांच्या अंतरावर, असा माझा अंदाज होता. माझ्या तोफा लांब होत्या, मला तिला अडवता येणार नव्हतं. ती जिंकणार हे दोघींना दिसत होतं. तिने पाण्यावर चार बोटं टेकली, होडी सरकवली. माझी पाळी झाली. तिने पुन्हा बोटं टेकली, पुन्हा सरकवली. होडी पायरीच्या अलीकडेच राहिली. ती स्वतःच्या बोटांकडे बघू लागली. मीही बघितलं. आजारात बोटं इतकी बारीक झाली होती की चारांचं अंतर आता तिनाएवढंही भरत नव्हतं.

मला म्हणायचं होतं, पाच बोटं घे. पण त्याआधीच तिने घड्याळ बघितलं आणि फळी ओढून घेतली. होड्या गाळात बसल्या, किल्ल्यापासून हातभरसुद्धा लांब नाहीत. ती उशीवर रेलली. "आता तुला हात लावता यायचा नाही, रुतल्यात," असं म्हणून हसली. "पुनवेला ये. मोठं पाणी असतं ना?"

"असतं," मी म्हटलं.

नंतर बरेच दिवस मी त्या घरी गेले नाही. एके दिवशी आईने बाजारातून निरोप आणला, "ते लोक गावाला चालले. कॉटर सोडायचा हाय त्यांना. टेबल घेऊन जा म्हंतात." मी अमावस्येचा दिवस धरला. आई म्हणाली, "अवसेची कशाला जातीस? चांगला दिस बघ ना." मी म्हटलं, "दुपारी पाणी भरतं गं." आईने बोंबलाची एक जुडी बांधून हातात दिली.

घरात बांधाबांध चालली होती. फक्त टेबल जागच्या जागी होतं, सगळ्या होड्या गाळात तशाच. काकू रोज सुनंदाच्या ब्रशने सैनिकांवरची धूळ झाडत होत्या, पण एकही जागचा हलवला नव्हता. काका खोक्यांना सुतळी बांधत होते. त्यांनी कधी हा खेळ खेळला नव्हता. म्हणाले, "कुणाचा डाव राहिलाय?"

"माझी पाळी आहे," मी म्हटलं. "पण भरती यायची होती."

बारा वाजत आले होते. मी फळी हातात घेतली, पण होड्या उचलायला हात पुढे होईना. तेव्हा काकू पुढे आल्या. त्यांनी पदर पसरला आणि एकेक होडी उचलून पदरात घेतली, ओटीत घ्यावी तशी. मी फळी सरकवली. काकूंनी होड्या पुन्हा पाण्यावर ठेवल्या, जिथली तिथे. शेवटची ठेवायला त्यांना वेळ लागला...

मी माझी पाळी सोडली. काकांना म्हटलं, "काका, आता तुमची. चार बोटं."

आयुष्यभर कारखान्यात नटबोल्टांचे पाने फिरवलेली त्यांची बोटं, जाड आणि राकट. त्यांनी ती पाण्यावर टेकली. काकूंनी होडी सरकवली. ती पायरीला लागली, तरी त्यांच्या चार बोटांतलं एक बोट शिल्लक उरलं.

टेबल आता मुरब्याला आमच्या पडवीत आहे. आईने कोपऱ्यातली जाळी हलवून त्याला जागा केली. त्या दिवशी भरलेलं पाणी मी बरेच दिवस काढलं नाही. होडी किल्ल्याला लागलेली, बघायला बरं वाटायचं. मग एकदा सकाळी कॉलेजला निघाले तर खाडी कोरडी, होडी काठाला लागेना. मी घरी परत आले आणि पडवीत उभी राहिले. समोर टेबलावर पाणी भरलेलं. सुनंदाला हे खोटं पाणी चाललं नसतं. मी ओढणी पसरली, होड्या तिच्यात घेतल्या आणि फळी हळूहळू बाहेर ओढली.