सदतिसावी खुटी

सोमाजी खोब्रागडे चहासुद्धा आधी हुंगून पीत. चंद्रपूरच्या त्या सर्वेक्षण कार्यालयात तीस वर्षं त्यांनी शाईने रस्ते आखले, आणि स्वतःची रेषाही दुसऱ्या दिवशी पट्टी लावून तपासली. दोन हजार चारमध्ये टेबलावर कॉम्प्युटर आला, तेव्हा ते म्हणाले, "कागदावर खाडाखोड दिसते तरी. याच्यात कोणं काय खोडलं, कसं समजन?"

शिकवायला उमेरा होती, आयटीआय झालेली, तेवीस वर्षांची. "भाऊ, माऊसले एवढं दाबू नका, पळून नाई जात तो," ती हसायची. सोमाजी हसत नसत.

चामोर्शीकडचा एक रस्ता चालू होता. पडद्यावर पाहिलं तर तो भाताच्या बांध्यांमधून सुतासारखा सरळ जात होता. सोमाजींनी सवयीने चित्र मोठं करत नेलं, आणि एका जागी त्यांचा हात थांबला. मोजणीच्या सदतिसाव्या खुटीपाशी रेषा सहा मीटर डावीकडे झुकली होती. पुढच्या खुटीला पुन्हा जागेवर. उजवीकडे एका राइस मिलची भिंत होती. रेषा सरळ राहती तर भिंत पडती.

त्या मिलचा मालक मागच्याच आठवड्यात इथे येऊन उमेराशी बोलत बसला होता.

"हे तू हलवलं का?"

"मी काऊन हलवू? फिल्डवरून आले तेच आकडे भरले."

"अन् तो मिलवाला?"

"अब्बूच्या ओळखीचा आहे, भाऊ. निकाहची पत्रिका द्याले आला होता." तिचा आवाज बारीक झाला. "तुम्ही माझ्यावर शक करून राह्यले का?"

सोमाजी उठून साहेबांकडे गेले. "आखणीत कोणीतरी हात घातला. शनिवारी नाव सांगतो." साहेबांनी मान वर केली नाही. "सांगा. सोमवारपासून तो माणूस इथे नसेल."

उमेराचं घर तिच्या पगारावर चाले. हे सोमाजींना ठाऊक होतं. म्हणूनच शुक्रवारी ते चामोर्शीच्या एसटीत बसले. पट्टी लावल्याशिवाय नाव घ्यायचं नाही. बरोबर मोजणीचा जुना मजूर सुकलू होता. खुट्या त्यानेच ठोकल्या होत्या.

छत्तिसाव्या खुटीपाशी उभं राहून त्यांनी पुढे नजर लावली. सरळ रेषेत, मोहाच्या झाडाखाली, कमरेएवढी दगडांची रास होती. वर ताजा पाला.

सुकलूने चपला काढल्या. वाटेवरचा एक दगड उचलून राशीवर ठेवला.

"इथी वाघानं बाई नेली होती, भाऊ. माझ्या बापाच्या वेळेस. जो जाते तो गोटा ठेवते."

"अन् खुटी?"

"तिच्या छातीवर खुटी कशी ठोकू? सरकवली थोडी."

"सांगितलं काऊन नाई?"

"तुम्ही बुद्धाचे माणसं. हसले असते मले."

सोमाजी हसले नाहीत. त्यांनी गोटाही ठेवला नाही. राशीला वळसा घालून पावलं मोजली आणि सहा मीटर वहीत लिहिले. लिहिताना उमेराचा बारीक झालेला आवाज त्यांना पुन्हा ऐकू आला.

शनिवारी सकाळी त्यांनी स्वतः माऊस धरला. एका खुटीवरचा तो अचानक बाक काढला, चारशे मीटर आधीपासून रेषा हलकी वळवत आणली, मोठ्या त्रिज्येचे वक्र बसवले. रस्ता राशीला न शिवता निघाला, बैलगाडी पाणंदीतून निघावी तसा. शेऱ्यात त्यांनी लिहिलं : दगडांची रास, गावकऱ्यांचं श्रद्धास्थान, म्हणून वळण.

साहेबांनी विचारलं, "नाव?"

"कोणी हात घातला नाई, साहेब. तिथी खुटी ठोकताच येत नव्हती. पाहण्यात माझी चूक झाली."

तीस वर्षांत हे वाक्य त्या भिंतींनी ऐकलं नव्हतं. दाराशी उमेरा उभी होती.

 थोड्या वेळाने तिने त्यांच्या टेबलावर चहा आणून ठेवला. सोमाजींनी कप उचलला, हुंगला.

"जहर नाई टाकलं, भाऊ."

"सवय आहे, पोरी," ते म्हणाले, आणि प्यायले. मग नव्या वळणाचा कागद छापून घेतला आणि खणातली पट्टी काढली.